उ म्हणजे नवं: लातूरच्या पाटीवाल्यानं वापरलेला मारी शब्दकोश

व्हिएन्ना विद्यापीठाच्या मंडळींनी रशियातल्या मारी भाषेचा एक शब्दकोश इंटरनेटवर फुकट ठेवलाय. मारी शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ. टिमोथी रीस, जेरेमी ब्रॅडली आणि एलिना गुसेवा यांचं हे काम. लातुरात बसून त्यावर कुणी लिहावं हे जरा अतिच झालं, असं आमच्या गल्लीत कुणीही म्हणेल. पण गेल्या डिसेंबरपासून हा कोश माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या शेजारी उघडा असतो, आणि पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा तो कामाचा निघालाय.

माझं दुकान पाट्यांचं. सुरुवात ब्रश आणि इनॅमलनं केली. चुन्याचा दोरा मारून सरळ रेघ काढायची आणि अक्षरं तिला लटकवायची. आता फ्लेक्स, व्हिनाईल, एसीपी शीट. सगळं काम स्क्रीनवर. पोरगी योश्कर-ओलाला एमबीबीएस करते. लातुरात नीटचे क्लास, मार्क थोडक्यात कमी, सरकारी सीट हुकली, मग रशिया. हा रस्ता आमच्याकडं घराघराला पाठ आहे. योश्कर-ओला ही मारी एल या प्रजासत्ताकाची राजधानी, व्होल्गाच्या खोऱ्यातली. १५८४ साली किल्ला म्हणून वसलेलं गाव. योश्कर म्हणजे लाल आणि ओला म्हणजे शहर, हे पोरीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ज्या एजन्सीनं ॲडमिशन करून दिली तिनं ‘तिथं सगळं इंग्रजीत चालतं’ म्हणून छातीठोक सांगितलं होतं. वर्गात चालतं. वर्गाबाहेर रशियन, आणि रशियनच्या मागं दबकून उभी असलेली मारी.

दबकून म्हणतो, पण मारीला तिथं रशियनच्या बरोबरीनं राज्यभाषेचा दर्जा आहे. सरकारी इमारतींवर दोन्ही भाषांच्या पाट्या दिसतात. बाकीचे बाप व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का’ विचारतात, मी पाट्यांचे फोटो मागतो. पोरगी वैतागते, पण पाठवते. बाकावर बसलेल्या त्या कांशाच्या मांजराचा फोटो मागं एक बोर्ड दिसतोय म्हणून मी मोठा करून बघितला, तर म्हणाली, “पप्पा, मांजर बघा ना! परीक्षेच्या आधी पोरं त्याला हात लावून जातात.” २०२१ च्या रशियन जनगणनेत मारी लोक सव्वाचार लाखांच्या आसपास भरले. एकट्या लातूर शहराची वस्ती २०११ लाच पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे आपल्या एका शहराएवढी माणसं, आणि त्यांची स्वतःची वर्णमाला, व्याकरण, वर्तमानपत्रं. त्यांचं पहिलं व्याकरण १७७५ साली छापलं गेलं, आणि १० डिसेंबरला ते मारी लेखनाचा दिवस पाळतात.

तर काम असं आलं. पोरीच्या हॉस्टेलवर नव्या वर्षाचा कार्यक्रम, त्याचा बॅनर. डिझाइन मी करून पाठवायचं, छपाई तिकडं. तीन भाषा: मराठी, रशियन, मारी. मराठी आपली, रशियन तिच्या मैत्रिणीनं लिहून दिलं. मारी राहिलं. मैत्रीण मारीच, पण तिनं फोनवर जे सांगितलं ते ऐकू आलं ‘उ ई देने’. आणि ऐकीव अक्षरावर मी पाटी करत नाही. लग्नाच्या बोर्डावर नवरदेवाचं नाव चुकलेलं गाव दहा वर्षं विसरत नाही.

पहिल्यांदा फोनमधलं एक भाषांतराचं ॲप उघडलं. नाव घेत नाही, सगळेच वापरतात. त्याला ‘नव वर्ष’ टाकलं. त्यानं दिलं ‘इंदेश ई’. ते पोरीला पाठवलं तर मैत्रीण हसून लोटपोट. इंदेश म्हणजे नऊ. नऊ वर्षं! आपल्या मराठीत नव म्हणजे नवाही आणि नऊही, तिथं ते बिचारं अडकलं. मग पोरीनंच या कोशाची लिंक पाठवली.

कोशात इंग्रजीतून ‘न्यू’ शोधलं आणि समोर एकच अक्षर आलं. उ. रशियन वळणाच्या लिपीत हे अक्षर इंग्रजी वायसारखं दिसतं, खालची शेपटी डावीकडं वळलेली. एवढंच. एक अक्षर, तोच शब्द, आणि त्याचा अर्थ नवं. इतक्या वर्षांत एवढा छोटा शब्द मी रंगवला नव्हता. घरी सांगितलं तर आमची माय म्हणाली, “ऊ? मग डोक्याला रॉकेल लावा म्हणावं त्या पोरीला.”

एका अक्षराच्या शब्दाचं असं असतं की नुसता अर्थ कळून काही हाती लागत नाही. आजूबाजूला कोण बसतंय ते बघावं लागतं. आणि या कोशाची खरी कमाई तिथंच आहे. शब्दाखाली वाक्प्रयोग दिलेले असतात, अर्थासकट. उ ई म्हणजे नवं वर्ष. उ तिल्झे म्हणजे नवा चंद्र. तिल्झे हा चंद्रही आहे आणि महिनाही, हे आपल्या पंचांगवाल्याला लगेच पटेल. उ वुर्गेम, नवे कपडे. उ प्योर्त, नवं घर. ‘ई’ स्वतंत्र शोधला तर दोन नोंदी निघतात: एक वर्ष, दुसरी बर्फ. दोन्ही लिहायला सारखेच. पोरगी म्हणते तिकडं नदी गोठते, त्यामुळं ‘उ ई’ला दोन्ही अर्थांनी शुभेच्छा द्यायला हरकत नाही.

बॅनरवर शेवटी बसलं ते ‘उ ई देने सालामलेना’. देने म्हणजे ‘सह’, आणि सालामलेना म्हणजे आम्ही अभिनंदन करतो. त्यातला सालाम आपल्या ओळखीचाच. अरबीतला शब्द, दख्खनमार्गे आमच्या लातुरात आणि व्होल्गामार्गे त्यांच्याकडं गेलेला. आता ‘सालामलेना’ हे रूप बरोबर की नाही हे कसं कळावं? कोशात क्रियापदाच्या पुढं बारीक अक्षरात त्याचा गट दिलेला असतो, ‘आम’चा की ‘एम’चा. तो बघून रूप ठरतं. मला आधी वाटलं, हे व्याकरणवाल्यांचे लाड. मग कोलाश हे क्रियापद दिसलं. ते दोनदा आहे. एका गटात ‘कोलाम’, म्हणजे मी ऐकतो. दुसऱ्या गटात ‘कोलेम’, म्हणजे मी मरतो. डॉक्टर होणाऱ्या पोरीला मी तेवढंच एक पान स्क्रीनशॉट करून पाठवलं. पेशंट काय म्हणतोय ते नीट ऐक म्हणावं.

माझ्या आवडीचा शब्द मात्र ‘उगच’. मधला स्वर आपल्या अ आणि इच्या मधोमध कुठंतरी लागतो, पण कानाला थेट आपला ‘उगाच’ वाटतो. अर्थ: पुन्हा, नव्यानं. उ म्हणजे नवं आणि गच म्हणजे पासून. नव्यापासून, म्हणून परत एकदा. आपण ‘नव्यानं’ म्हणतो ते असंच जुळवून केलेलं. दुकानातल्या पोराला आता मी सांगतो, “उगच प्रिंट काढ,” तर तो दोन्ही अर्थ समजून नाक मुरडतो. त्याच घरातला दुसरा शब्द उएश, तोही ‘पुन्हा’ या अर्थाचा. आणि ‘उएमदाश’ म्हणजे नवं करणं, नूतनीकरण. हा शब्द वाचून मला सोसायटीचं कर्ज आठवलं. मार्च आला की आमच्या गावाकडं प्रत्येक जण ‘नवं-जुनं’ करायला धावतो: जुनं भरल्याचं दाखवायचं आणि नवं उचलायचं, हातात पडतो तो फरक. ‘नवं’ या शब्दाचा इतका थकलेला उपयोग जगात दुसरीकडं कुठं होत असेल असं वाटत नाही.

विषय निघालाच आहे तर सांगतो. पाटीच्या धंद्यात ‘न्यू’ या शब्दाचा अर्थ नवं असा नसतो. लातुरात, उदगीरला, अंबाजोगाईला, कुठंही बघा: एक ‘भारत’ असतं आणि त्याच्या समोर ‘न्यू भारत’. बाहेरच्याला वाटतं, जुन्या दुकानाची नवी शाखा असेल. ती शाखा नसते, ती वाटणी असते. धाकटा भाऊ वेगळा निघाला, नाव सोडवत नाही, म्हणून पुढं ‘न्यू’. ऑर्डर द्यायला आला की तो हमखास म्हणणार, “न्यू बारीक टाका, भारत मोठं टाका.” आणि दुसऱ्या दिवशी थोरला येणार, “आमच्या बोर्डावर ‘मूळ’ टाका.” भाऊबंदकीवर माझं निम्मं दुकान चाललंय, त्यामुळं माझी तक्रार नाही. मारीत हे कसं करतात ते मी मैत्रिणीला विचारायला लावलं होतं, पोरीनं विचारलं नाही.

आडतीतही ‘नवा’ म्हणजे कौतुक नव्हे. दिवाळीच्या तोंडावर मार्केट यार्डात नवं सोयाबीन येतं तेव्हा व्यापारी मूठभर हातात घेतो, दाताखाली एक दाणा फोडतो आणि म्हणतो, “नवाय.” म्हणजे ओला आहे. हमीभावाला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, त्यामुळं ‘नवाय’ म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा. तांदूळ जुना झाला की भाव खातो. सणाला मात्र हेच नवं देवापुढं जातं. हिवाळ्यात हुरडा, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात भज्जी आणि आंबील. पीक अजून रानात उभं असतं आणि आपण त्याला जेवू घालतो.

हे सगळं आठवायचं कारण कोशातला ‘उगिंदे’ हा शब्द. उ आणि किंदे जोडलं की क चा ग होतो. किंदे म्हणजे भाकरी, ब्रेड, आणि धान्यही. आपल्याकडं ज्वारी वेगळी, भाकरी वेगळी. त्यांच्याकडं एकच शब्द रानापासून ताटापर्यंत. उगिंदे हा मारी लोकांचा नव्या धान्याचा सण, नव्या पिठाची पहिली भाकरी करायचा. सणाला ते म्हणतात पायरेम. त्यांचा हिवाळ्यातला, वर्ष बदलतानाचा जुना सण वेगळाच: शोरिकयोल, शब्दशः मेंढीचा पाय. मेंढ्यांचे पाय ओढून पुढच्या वर्षी भरभराट होऊ दे म्हणायचं. त्या नावात ‘उ’ नाही. पण आपल्याही पाडव्याला ‘नवं’ हा शब्द कुठं आहे?

आता कोशाचा असा एक गुण सांगतो जो वाचणाऱ्याच्या पटकन ध्यानात येत नाही. इंग्रजीत माणूसही ओल्ड आणि खुर्चीही ओल्ड. मराठीत माणूस म्हातारा, खुर्ची जुनी. खुर्चीला म्हातारी म्हणणार नाही आणि माणसाला जुना म्हटलं तर अर्थ बदलतो. मारीतही तसंच: वस्तू, काळ, रीत यांना तोश्तो, आणि वय झालेल्या माणसाला शोङ्गो. ‘नवं’चा उलटा शब्द हवा म्हणून मी इंग्रजीतून शोधला असता तर दोन्हीपैकी कुठला बॅनरवर गेला असता सांगता येत नाही. इथं दोन्ही नोंदी आपापल्या उदाहरणांसकट उभ्या आहेत, वाचून ठरवता येतं. मराठी माणसाला हे फार सोपं जातं, मधे इंग्रजी आहे तरी. आणखी एक सुख म्हणजे विशेषणाला लिंग नाही, वचन नाही. आपल्याकडं नवा, नवी, नवं, नवे, नव्या; फ्लेक्सवर ‘नवी दुकान’ छापून गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांचं उ कुठल्याही नामापुढं उ च राहतं.

उ हा शब्द किती जुना आहे ते बघायचं तर नातेवाईक बघावेत. फिनिशमध्ये नव्याला उउसी म्हणतात, हंगेरियनमध्ये उय. तिन्ही भाषा एकाच युरालिक घराण्यातल्या, तिन्ही शब्द एकाच मुळाचे. आपला नवा, संस्कृतचा नव, रशियनचा नोवी, इंग्रजीचा न्यू, हे दुसरं घराणं. म्हणजे पोरगी योश्कर-ओलाच्या बाजारात ‘नोवी’ ऐकते तेव्हा ती माहेरच्या भाषेच्या लांबच्या चुलत्याला भेटत असते, आणि ‘उ’ ऐकते तेव्हा पूर्ण परक्याला. तरी तिला परकं आवडतं. तिचं ती जाणे.

अक्षरांबद्दल, हे माझ्या धंद्यातल्यांसाठी. मारीत रशियनपेक्षा तीन अक्षरं जादा आहेत. दोन सोपी: ओ आणि उ यांच्या डोक्यावर दोन टिंबं. तिसरं म्हणजे आपला ङ. अंकलिपीत आपण तो घोकतो आणि जन्मभर एकटा कधी वापरत नाही. त्यांच्याकडं तो रोजच्या शब्दांत येतो. लिपीतला न इंग्रजी एचसारखा दिसतो, त्याच्या उजव्या दांडीला रशियन ग जोडला की ङ तयार. माझ्याकडच्या फॉन्टांपैकी बऱ्याच जणांत तो नव्हता, त्या जागी चौकोनी खोका येत होता. शेवटी न आणि ग दोन्ही टाकून, कर्व्ह करून, दांड्या एकमेकांवर आणून वेल्ड केलं. चांगला बसला. बॅनरवर तो लागला नाही, पण पुढं लागेल म्हणून फाइल जपून ठेवलीय. टाइप करायला मी फोनला रशियन कीबोर्ड जोडून घेतला. लिपी डोळ्याखालून गेलेली नसेल तर पहिल्या दिवशी डोकं धरून बसायची वेळ येते, हे खरं. एच म्हणजे न, पी म्हणजे र, सी म्हणजे स.

कुणी वापरावा? ज्यांची लेकरं तिकडं शिकतायत आणि थोडंफार इंग्रजी वाचता येतं, त्यांनी जरूर. पण आधी रशियन. वॉर्डात रशियन लागतं, परीक्षेत रशियन लागतं, बसमध्ये रशियन लागतं. मारीच्या नादात ते मागं पडलं तर फी वाया. मारीचे चार शब्द खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या पेशंटशी बोलायला पुरतात असं पोरगी सांगते: सालाम म्हणजे नमस्कार, ताउ म्हणजे धन्यवाद, उलो म्हणजे आहे, उके म्हणजे नाही. ‘उके’ला इंग्रजीतलं ओके समजू नये, अर्थ नेमका उलटा.

त्याच मंडळींचं एक पाठ्यपुस्तकही फुकट मिळतं, ‘ओङाय मारी यिल्मे’ नावाचं, इंग्रजीतून मारी शिकवणारं. पीडीएफ मी दुकानात काढून स्पायरल करून ठेवलीय. लातुरात कुणाला बघायचं असेल तर संध्याकाळी या. झेरॉक्सचे पैसे द्यावे लागतील.